नाशिकमधून ब्लॉकचेन-क्रिप्टोमध्ये नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सिडकोत राहते आणि घरूनच स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचं, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या करारवजा प्रोग्रॅमचं, ऑडिट करते. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकसारखी ठेवलेली सामायिक नोंदवही. दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधल्या चुका, लोकांचे पैसे जाण्याआधी शोधायच्या, हे माझं काम. या क्षेत्रात येऊ पाहणारी नाशिकची मुलंमुली, आणि त्यांचे आईवडील, जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. जिथे माणसं फसतात किंवा अडतात, तिथे मुद्दाम थांबले आहे.

क्रिप्टोमध्ये नोकरी करणं भारतात कायदेशीर आहे का?

हो. गोंधळ आहे तो २०१८ पासूनचा. त्या वर्षी एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टो व्यवहारांना सेवा द्यायला मनाई केली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. पुढे १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आला, १ जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का टीडीएस आला, आणि मार्च २०२३ मध्ये क्रिप्टो एक्स्चेंज (क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीचे मंच) मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आले. तेव्हापासून त्यांना एफआययू-इंडियाकडे, म्हणजे संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेकडे, नोंदणी करावी लागते.

क्रिप्टो हे आपल्याकडे चलन नाही. रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया चलन आहे, पण ती वेगळी गोष्ट. सामान्य माणसांसाठी त्याचा प्रायोगिक वापर १ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. मात्र क्रिप्टो कंपनीत काम करून पगार घेणं आणि त्यावर कर भरणं यात बेकायदेशीर काहीच नाही. कंपनी भारतातल्या ग्राहकांना खरेदी-विक्रीची सेवा देत असेल, तर तिची एफआययूकडे नोंदणी आहे का एवढं आधी तपासा.

म्हणजे दिवसभर ट्रेडिंग करायचं का?

नाही. ट्रेडिंग करणारा स्वतःचे पैसे लावतो, नोकरी करणारा कामाचे पैसे घेतो. हा फरक घरच्यांनाही पहिल्याच दिवशी समजावून सांगा.

काम देणारे साधारण तीन-चार प्रकारचे असतात. कॉइनडीसीएक्स, कॉइनस्विच यांच्यासारखे एक्स्चेंज. पॉलिगॉनसारखे नेटवर्क बांधणारे. त्याची सुरुवात २०१७ मध्ये मॅटिक नावाने भारतीय तरुणांनीच केली. कोड तपासणाऱ्या ऑडिट कंपन्या. आणि मोठ्या आयटी कंपन्यांमधले विभाग, जिथे क्रिप्टोचा संबंधही येत नाही. बँका आणि उद्योगांसाठी हायपरलेजर फॅब्रिकसारख्या खासगी ब्लॉकचेनवर काम चालतं.

सरकारी बाजूही आहे. गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यात २०२२ मध्ये जातीच्या दाखल्यांची नोंद पॉलिगॉनवर करण्याचा उपक्रम झाला, म्हणजे दाखला खरा की बनावट हे कुणालाही तपासता यावं. आणि तुमच्या मोबाइलवर बँकेचा जो एसएमएस येतो, त्याचं हेडर आणि मजकुराचा साचा दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार डीएलटी (सामायिक डिजिटल नोंदवही) प्लॅटफॉर्मवर आधी नोंदवावा लागतो. शहरात अनेक दुकानदारांनी आणि क्लासवाल्यांनी ‘डीएलटी रजिस्ट्रेशन’ केलेलं असतं. ते या तंत्राच्याच कुळातलं आहे.

नाशिकमध्येच नोकरी मिळेल का?

खरं सांगायचं तर शहरातल्या शहरात अशा जागा फार थोड्या निघतात. बहुतेकांना घरून काम मिळतं, नाहीतर पुणे, मुंबई, बंगळूर गाठावं लागतं. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत ‘ब्लॉकचेन डेव्हलपर पाहिजे’ अशी पाटी लागेल म्हणून थांबू नका.

पण नाशिककरांकडे एक गोष्ट आहे, जी मुलाखतीत फार कमी जण वापरतात. निर्यातीच्या द्राक्षांचा बागेपासून पेटीपर्यंतचा माग ठेवणारी, अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची ग्रेपनेट यंत्रणा २००६ मध्ये सुरू झाली, बिटकॉइनचं नेटवर्क चालू होण्याच्याही आधी. दिंडोरी, निफाडच्या कितीतरी घरांत बागेची नोंदणी, रेसिड्यूचा (फवारणीच्या अवशेषांचा) रिपोर्ट, पॅकहाउसचे कागद हे रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत. ‘सप्लाय चेन’वर बोलणाऱ्या अनेक अभियंत्यांनी असा एकही कागद हातात धरलेला नसतो. तुम्ही धरला असेल, तर सांगा. नमुना कोण घेतो, नोंद चुकीची पडली तर कुठे पडते, त्यात कुणाचा फायदा असतो, हे सांगा. ब्लॉकचेनवर एकदा गेलेली नोंद बदलत नाही, पण मुळात खोटी नोंद आत गेली तर ती खोटीच कायम राहते. ही अडचण ज्याला अनुभवातून कळलेली आहे, त्याचं बोलणं समोरचा कान देऊन ऐकतो.

डेव्हलपर व्हायचं असेल तर काय शिकू, कुठल्या क्रमाने?

आधी साधं प्रोग्रामिंग पक्कं करा: जावास्क्रिप्ट किंवा टाइपस्क्रिप्ट, गिट, डेटाबेस, एपीआय. हे कच्चं ठेवून थेट ब्लॉकचेनकडे धावणारी मुलं सहा महिन्यांनी पुन्हा इथेच येतात. त्यानंतर इथेरियम या ब्लॉकचेनसाठी सॉलिडिटी ही भाषा, किंवा सोलाना या ब्लॉकचेनसाठी रस्ट. दोन्ही एकदम नको. नोकऱ्या दोन्हीकडे आहेत. सॉलिडिटी शिकायला सोपी, रस्टला वेळ लागतो, पण ती ब्लॉकचेनच्या बाहेरही उपयोगी पडते.

साधनांमध्ये फाउंड्री (कॉन्ट्रॅक्ट लिहून तपासायचं साधन) शिका. टेस्ट लिहायची सवय पहिल्या आठवड्यापासून लावा. मग एक छोटं कॉन्ट्रॅक्ट लिहून सेपोलिया टेस्टनेटवर (इथेरियमच्या सरावाच्या नेटवर्कवर) चढवा आणि इथरस्कॅन या इथेरियमवरच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर त्याचा सोर्स कोड व्हेरिफाय करा. टेस्टनेटचं इथर (इथेरियमचं क्रिप्टो) फुकट मिळतं, त्यासाठी कुणाला एक रुपयाही द्यायचा नसतो.

आता एक गोष्ट जवळून बघा, कारण मुलाखतीत ती हमखास निघते. समजा तुमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये पैसे काढण्याचं एक फंक्शन आहे. त्यात तीन पायऱ्या आहेत: खात्यात शिल्लक आहे का ते बघणं, पैसे पाठवणं, आणि मग शिल्लक शून्य करणं. वाचताना सगळं ठीक वाटतं. पण पैसे घेणारा पत्ता माणसाचा नसून दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टचा असेल, तर पैसे पोचताच ते कॉन्ट्रॅक्ट उलटून पुन्हा तुमचंच फंक्शन बोलावू शकतं. तुमची तिसरी पायरी अजून झालेली नाही, शिल्लक जशीच्या तशी आहे, म्हणून पैसे पुन्हा जातात. पुन्हा बोलावणं, पुन्हा पैसे. बँकेतल्या कॅशियरने पासबुकात नोंद करण्याआधी रोकड हातात द्यावी आणि ग्राहकाने तिथल्या तिथे दुसरी स्लिप पुढे करावी, तसं हे चालतं. याला रीएंट्रन्सी म्हणतात. जून २०१६ मध्ये याच चुकीतून ‘द डाओ’ या इथेरियमवरच्या सामायिक गुंतवणूक निधीमधून सुमारे ३६ लाख इथर काढून घेतले गेले, आणि त्या वादात इथेरियमचे दोन भाग होऊन इथेरियम क्लासिक वेगळं पडलं.

उपाय फक्त क्रम बदलण्याचा: आधी तपासा, मग शिल्लक शून्य करा, शेवटी पैसे पाठवा. ही चूक स्वतः लिहा, स्वतःच तिच्यावर हल्ला करणारं कॉन्ट्रॅक्ट लिहा, मग दुरुस्त करा आणि तिन्ही गोष्टी टेस्टसकट गिटहबवर ठेवा. ‘सॉलिडिटी येते’ असं रेझ्युमेत लिहिण्यापेक्षा याची किंमत कितीतरी जास्त आहे.

क्लास लावू का? एक लाख फी सांगतात, नोकरीची हमी देतात.

लावू नका. हमी देणाऱ्याकडे तर अजिबात नाही.

क्रिप्टोझॉम्बीज, सायफ्रिन अपड्राफ्ट, ओपनझेपलिनचा इथरनॉट हा खेळ, सगळं फुकट आहे. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे ब्लॉकचेनचे कोर्स आहेत; ते ऐकायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेची फी तेवढी असते. एकट्याने अभ्यास होत नसेल तर दोघे-तिघे मिळून बसा. कॉलेज रोडवर किंवा गंगापूर रोडवर कुठल्याही अभ्यासिकेत जागा मिळते. आईने मोडलेल्या एफडीतून फी भरलेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून इतकं ठणकावून सांगते.

बीकॉम झालंय, कोडिंग येत नाही. मला काही आहे का?

आहे, आणि याचा विचार फार कमी जण करतात. एफआययूकडे नोंदणी झाली की एक्स्चेंजला ग्राहकांचं केवायसी करावं लागतं, व्यवहारांवर लक्ष ठेवावं लागतं, संशयास्पद व्यवहाराचा अहवाल द्यावा लागतो. त्यासाठी माणसं लागतात. बँकेत किंवा पतसंस्थेत केवायसीचं काम केलेलं असेल तर तो अनुभव थेट चालतो. वर ब्लॉकचेन एक्सप्लोरर वाचायला शिका: कुठल्या पत्त्यावरून कुठे, कधी, किती गेलं, हे इथरस्कॅनवर उघड्या डोळ्यांनी दिसतं. महिनाभर रोज तासभर बसलात तर हात बसतो.

सीए किंवा सीए होणारे असाल, तर क्रिप्टोचा करहिशोब नीट करणारे लोक कमी आहेत. वकिलांनाही काम आहे. ग्राहकसेवेत मराठी आणि हिंदी नीट लिहिता-बोलता येणं ही खरी जमेची बाजू आहे. आणि अंबडच्या एखाद्या कारखान्यात क्वालिटीमध्ये काम केलेलं असेल, तर सॉफ्टवेअर टेस्टिंगकडे जरूर बघा. रिजेक्शनचा रिपोर्ट काटेकोर लिहिणारा माणूस बग रिपोर्टही तसाच लिहितो. ते इंजिनिअरिंगच्या मुलांनाही पटकन जमत नाही.

इंग्रजी कच्चं आहे.

बोलण्यापेक्षा लिहिणं जास्त लागतं. टीम वेगवेगळ्या देशांत असते, बहुतेक संवाद स्लॅक किंवा डिस्कॉर्डवर लिहूनच होतो. रोज एक परिच्छेद लिहा: आज काय केलं, कुठे अडलं, उद्या काय. उच्चार नाशिकचे असले तरी कुणाचं काही बिघडत नाही.

नोकऱ्या शोधायच्या कुठे?

वेब३ करिअर, क्रिप्टो जॉब्स लिस्ट यांसारख्या साइट, लिंक्डइन, आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे त्या-त्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचं करिअरचं पान. फ्रेशर असाल तर नुसते अर्ज पाठवून फारसं हाती लागत नाही. कामच दिसेल असं काही करा. मुक्त स्रोत प्रकल्पांच्या गिटहबवर छोट्या दुरुस्त्या पाठवा. दस्तऐवजातली चूक सुधारणं ही चांगली सुरुवात आहे. सुपरटीम अर्नवर छोटी पगारी कामं असतात. ऑडिटकडे जायचं असेल तर कोड४रेना, शेरलॉक यांच्या खुल्या स्पर्धा आहेत, तिथे चूक शोधणाऱ्याला पैसे मिळतात. तिथे तुमचं कॉलेज कुणी विचारत नाही. हॅकेथॉनलाही जा, इथइंडियासारख्या स्पर्धेत शेजारच्या टेबलावर बसलेली मुलंच पुढे ओळखी देतात.

अर्ज लिहिताना पाच ओळी पुरेत. तुमचं कोणतं काम त्यांच्या कामाशी जुळतं, त्याची लिंक, त्यांच्या प्रॉडक्टमध्ये तुम्हाला दिसलेली एक अडचण. ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम, आय अॅम हार्डवर्किंग’ हे नको.

ऑफर खरी की खोटी, हे कसं ओळखू?

नोकरीच्या बदल्यात पैसे मागितले, तर ती नोकरी नाही. लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगची फी, ‘वॉलेट अॅक्टिव्हेट करायला’ थोडे क्रिप्टो, कुठल्याही नावाने मागू देत. माणसं जोडायला सांगितली, तरीही ती नोकरी नाही. गेनबिटकॉइन प्रकरण आठवा: दरमहा १० टक्के परताव्याचं आमिष, साखळीने माणसं जोडणं, आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी केलेल्या अटका. त्या साखळीत अनेकांनी आपलेच नातेवाईक ओढले होते. टेलिग्रामवर ‘व्हिडिओ लाइक करा, रेटिंग द्या, रोज दोन हजार कमवा’ म्हणणारेही त्याच माळेतले. सुरुवातीला दोनशे-पाचशे देतात, मग ‘प्रीपेड टास्क’ म्हणून तुमच्याकडूनच भरून घेतात.

डेव्हलपरसाठीचा सापळा वेगळा आहे आणि हुशार मुलंही त्यात अडकतात. लिंक्डइनवर रिक्रूटर येतो, प्रोफाइल भारी असतं, बोलणं व्यवस्थित असतं. मुलाखतीआधी एक गिटहब रेपो देतो: ‘हा प्रोजेक्ट चालवून बघ आणि एक बग दुरुस्त कर.’ तुम्ही ‘एनपीएम इन्स्टॉल’ ही प्रोजेक्टचे भाग उतरवणारी आज्ञा चालवता आणि तिथेच खेळ संपतो. त्यातला लपवलेला कोड ब्राउझरमधले पासवर्ड आणि वॉलेटच्या (क्रिप्टोच्या डिजिटल पाकिटाच्या) चाव्या उचलून नेतो. सुरक्षा संशोधकांनी या प्रकाराला ‘कंटेजियस इंटरव्ह्यू’ नाव दिलं आहे आणि त्याचा माग उत्तर कोरियाशी जोडलेल्या टोळ्यांपर्यंत लावला आहे.

असा एक रेपो मी एका मुलीबरोबर बसून उघडला होता. फाइल साधी, वीस-पंचवीस ओळींची. एका ओळीच्या शेवटी अर्धविराम, आणि त्याच्यापुढे शेकडो रिकाम्या जागा सोडून उजवीकडे, पडद्याच्या बाहेर, एक लांबलचक गुंतवळ. एडिटरमध्ये वर्ड रॅप चालू केल्यावर ती ओळ पडदाभर पसरली. बंद असतं तर दिसलीच नसती.

म्हणून अनोळखी कोड कधीही रोजच्या लॅपटॉपवर चालवू नका. व्हर्च्युअल मशीन (संगणकातच चालणारा वेगळा, बंदिस्त संगणक) वापरा, त्यात एकही वॉलेट किंवा पासवर्ड नको. पॅकेज डॉट जेसनमधल्या स्क्रिप्ट आधी वाचा. व्हिडिओ कॉलवर ‘आवाज येत नाही, हे अपडेट टाका’ म्हणाले तर कॉल बंद करा. रिक्रूटरचं नाव कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरून पडताळा, त्याने दिलेल्या लिंकवरून नाही. २०२२ मध्ये रोनिन या ब्लॉकचेन नेटवर्कवरून सुमारे ६२ कोटी डॉलरची चोरी झाली. तिची सुरुवात एका अभियंत्याला आलेल्या खोट्या नोकरीच्या ऑफरपासून झाल्याच्या बातम्या आहेत. अनुभवी माणसं फसतात, तर आपण सावध राहण्यात लाज कसली?

पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात. घरी कळेल म्हणून गप्प बसू नका.

पगार कसा मिळतो? क्रिप्टोत घेऊ का?

भारतीय कंपनी असेल तर नेहमीसारखा रुपयांत, पीएफसकट. परदेशी कंपनी बहुधा तुम्हाला ‘काँट्रॅक्टर’ म्हणून घेते. मग पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आगाऊ कर स्वतः भरायचा. गृहकर्जासाठी बँक मागच्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते, म्हणून पहिल्या वर्षापासून विवरणपत्र वेळेवर भरा. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते.

पैसे बँकेतून परकीय चलनात आले तर ती सेवांची निर्यात ठरायला अडचण येत नाही. स्टेबलकॉइनमध्ये (डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेल्या क्रिप्टोत) घेतले तर तिथेच पेच पडतो. म्हणून माझा सल्ला: बँकेतून घ्या, आणि क्रिप्टोतच देतो म्हणत असतील तर आधी हा व्यवहार जाणणाऱ्या सीएशी बोला.

कराचं गणित बघा. समजा पगारापोटी १,००,००० रुपये किमतीचे टोकन (क्रिप्टोचे नग) मिळाले. त्या दिवशीची ती किंमत तुमचं उत्पन्न, त्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर. पुढे १,२०,००० ला विकले तर वरच्या २०,००० वर ३० टक्के, म्हणजे ६,००० आणि त्यावर सेस. पण भाव पडून ७०,००० ला विकावे लागले, तर ३०,००० चा तोटा कशातूनच वजा करता येत नाही, दुसऱ्या टोकनच्या नफ्यातूनही नाही. कर मात्र पूर्ण लाखावर बसलेला असतो.

ऑफर लेटरमध्ये ‘इतके टोकन’ लिहिलेलं असेल तर व्हेस्टिंग, म्हणजे ते कधी आणि किती हातात येणार, हे विचारा. चार वर्षांत थोडे थोडे आणि पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच नाही, ही नेहमीची पद्धत. टोकन बाजारात आलेलंच नसेल तर त्याची किंमत आज शून्य धरा आणि उरलेल्या पगारात भागतं का ते बघा.

हे क्षेत्र टिकेल का?

चढउतार मोठे असतात. मे २०२२ मध्ये टेरा-लुना ही क्रिप्टोची जोडी कोसळली, नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स हे एक्स्चेंज बुडालं, आणि त्या वर्षात भरपूर नोकऱ्या गेल्या. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असू द्या. बॅकएंड, सुरक्षा, अनुपालन (केवायसीसारखं नियम पाळण्याचं काम) ही कौशल्यं दुसरीकडेही चालतात. केवळ एका कॉइनच्या प्रचाराचं काम चालत नाही.

आता आयटीत नोकरी आहे. सोडून पूर्णवेळ शिकू का?

नको. सकाळचा दीड तास आणि शनिवार-रविवार यांवर वर्षभरात पुरेसं होतं. फक्त सध्याच्या कंपनीच्या करारात बाहेरचं पगारी काम चालतं का ते वाचून घ्या.

मी पालक आहे. मुलगा म्हणतो, क्रिप्टो कंपनीत लागलो. काळजी करू का?

रागावू नका, त्याच्याशेजारी बसून विचारा. कंपनीचं नोंदणीकृत नाव काय, आणि ती कुठल्या देशात नोंदलेली आहे? पगार कुठल्या खात्यावरून आणि कशाच्या स्वरूपात येतो? तू स्वतःचे किंवा कुणाचे उसने पैसे त्यात घातलेस का? दिवसभरात नेमकं काय काम केलंस, ते मला दाखव. पहिल्या दोन प्रश्नांना कागद दाखवता आला, तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं आणि चौथ्याला त्याने लॅपटॉप तुमच्याकडे वळवला, तर त्याला खुशाल काम करू द्या. तिसऱ्या प्रश्नाला तो घुटमळला, तर त्याच दिवशी बँकेचं स्टेटमेंट काढा, आणि गरज पडली तर त्याला सोबत घेऊन सायबर पोलीस ठाण्यात जा.